लहान मुलांमधील ओसीडीची तपासणी : सिंधुदुर्गातील एका केंद्राविषयी सविस्तर अभिप्राय

सिंधुदुर्ग जिल्ह्यात महामार्गालगतच्या एका शहरात मुलांच्या आणि किशोरवयीनांच्या मानसिक तक्रारींची तपासणी करणारे एक खाजगी केंद्र आहे. आमच्या एकत्र कुटुंबातील पुतण्याला, जो यंदा सातवीत आहे, ओसीडीच्या म्हणजे मंत्रचळाच्या (नको ते विचार पुनःपुन्हा येणे आणि ते शमवायला तीच कृती पुनःपुन्हा करणे) तपासणीसाठी तेथे नेले होते. मुलाची ओळख उघड होऊ नये म्हणून केंद्राचे आणि डॉक्टरांचे नाव देत नाही. तपासणी प्रत्यक्षात कशी झाली हे मात्र तपशीलवार लिहिते, म्हणजे ज्यांच्या घरात असा प्रश्न उभा आहे त्यांना आपल्या जवळच्या कोणत्याही केंद्राची पारख करता येईल. तपासणीपुरते हे केंद्र मी कोणालाही निःशंकपणे सुचवीन. अहवाल आणि पुढील उपचार यांबाबत मात्र काही हातचे राखूनच बोलावे लागेल.

तक्रार काय होती ते थोडक्यात सांगते. आमची हापूसची कलमे आहेत. मोहोराच्या दिवसांत फवारण्या सुरू झाल्या की बागेतून आलेल्या माणसाने विहिरीवर हातपाय धुऊन, कपडे बदलूनच पडवीत पाऊल ठेवायचे, ही आमच्या घरची जुनी शिस्त आहे आणि ती योग्यच आहे. मुलाने ती शिस्त हळूहळू इतकी पुढे नेली की फवारणीचा हंगाम संपून आंबा पेट्यांत भरून गेला तरी तो वडिलांच्या जवळ बसेना, त्यांनी हात लावलेल्या दाराच्या कडीला हात लावीना, आणि न्हाणीघरात शिरला की बाहेर येईना. हातांची कातडी फुटून रक्त येऊ लागले. रात्री झोपण्यापूर्वी स्तोत्र म्हणताना मध्येच कोणी खोकले तर तो पहिल्यापासून म्हणायला घेई. आईला मात्र तोच एक प्रश्न पुनःपुन्हा विचारी, आणि तिने ठरलेल्या शब्दांतच उत्तर दिले पाहिजे असा त्याचा हट्ट असे. कातडीच्या डॉक्टरांकडून मलम झाले, ग्रामदैवताला गाऱ्हाणे घालून झाले, आणि शाळेतून ‘पेपर अर्धवट ठेवतो’ असा निरोप आल्यावर या केंद्राची वाट धरली.

केंद्रात एक मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरबाई पूर्ण वेळ असतात, आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या एक चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ आठवड्यातील ठरावीक दिवशी बाहेरून येतात. वेळ फोनवर आधी घ्यावी लागते. मुलाखतीचे आणि चाचण्यांचे शुल्क वेगवेगळे असून ते फोनवरच स्पष्ट सांगितले गेले आणि नंतर त्यात एका रुपयाचाही फरक पडला नाही. पहिल्या भेटीला मुलाबरोबर आईवडिलांखेरीज घरात रोज राहणारे आणखी एखादे माणूस आणावे, असा निरोप होता. त्यामुळे मी आणि सासूबाई अशा दोघीही गेलो. हा आग्रह वरवर किरकोळ वाटला तरी तपासणीचा अर्धा दर्जा त्यावरच ठरला, असे माझे मत आहे. ओसीडी असलेले मूल लाजेने बरेच लपवते, आणि आईवडील रोजच्या सवयीने बरेच पाहायचे सोडून देतात. तिसऱ्या माणसाला ते दिसते.

प्रथम सर्वांशी एकत्र, मग मुलाशी एकट्याशी, मग आईवडिलांशी वेगळे, असा क्रम होता. मुलाला एकटे घेण्याचे कारण डॉक्टरबाईंनी नंतर सांगितले. या आजारात मनात येणारे विचार अनेकदा हिंसेचे, देवाच्या विटंबनेचे किंवा वयात येणाऱ्या मुलांच्या बाबतीत लैंगिक स्वरूपाचे असतात, आणि ते मूल आईसमोर कधीच बोलत नाही. उलट त्या विचारांवरून ‘मीच वाईट आहे’ असे ठरवून बसते. असे विचार इतर मुलांच्याही मनात येतात, विचार आला म्हणजे तसे करायचे आहे असे नव्हे, हे त्याला आधी सांगितले आणि मग प्रश्न विचारले. आत्महत्येचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येतात का, हेही त्याला त्याच एकांतात, आडपडदा न ठेवता विचारण्यात आले. किशोरवयीन मुलाच्या तपासणीत हा प्रश्न कोणी टाळला तर ते केंद्र बदलावे, असे मी म्हणेन.

फवारणीचा मुद्दा त्यांनी ज्या तऱ्हेने हाताळला तो येथे मुद्दाम नोंदवण्यासारखा आहे. कीटकनाशकाला भिणे हा आजार नव्हे, हे त्यांनी सुरुवातीलाच मान्य केले. मग एकेक प्रश्न विचारला : फवारणी कोणत्या महिन्यात थांबली, भीती थांबली का, वडिलांनी साबणाने दोनदा धुतलेला हात चालतो का, धुऊन झाले हे तुला कशावरून कळते, हात स्वच्छ दिसतात म्हणून की आतून ‘झाले’ असे वाटते म्हणून, आणि नाही धुतले तर नेमके काय होईल. शेवटच्या प्रश्नावर तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “आवशीक कायतरी होयत असां वाटता.” त्याची भीती विषाची राहिलेली नव्हती. धुणे हा आईचे मरण टाळण्याचा उपाय झाला होता, आणि रात्रीचे स्तोत्रही त्याच कामासाठी होते. घरातील एकाही माणसाला या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे ठाऊक नव्हते. मूल किती वेळा हात धुते हे कोणीही मोजू शकते. न धुतल्यास काय होईल असे त्याला वाटते, हे विचारून काढणे हे खरे तपासणीचे काम आहे. अर्थात, प्रत्येक मुलाला हे असे सांगता येत नाही. काही मुलांच्या मनात कोणतेही संकट नसते, फक्त ‘नीट झाले नाही’ ही अस्वस्थता असते, आणि अगदी लहान मुलांना आपण हे का करतो ते शब्दांत मांडताच येत नाही, असेही डॉक्टरबाईंनी सांगितले.

सासूबाईंचा प्रसंगही सांगितला पाहिजे. सर्व ऐकून झाल्यावर त्या थोड्या रागानेच म्हणाल्या, “मी सोवळां पाळतंय, मगे माका पण ह्योच रोग काय?” डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “आजी, पूजा झाली काय तुमचा सोवळां सुटता मां? ह्येचा सुटणा नाय.” सासूबाईंना ते तत्काळ पटले. गाऱ्हाणे घातल्याचे ऐकूनही डॉक्टरबाईंच्या चेहऱ्यावर तुच्छता आली नाही, ‘तेही असू दे, हेही करूया’ एवढेच त्या म्हणाल्या. देवधर्म, सोवळे-ओवळे आणि आजार यांच्या सीमेवर उभ्या असलेल्या कोकणातल्या घरांत हा फरक सांगता येणारा माणूस मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. घरची भाषा बोलणारा तपासनीस असेल तर मूलही लवकर उघडते. आमचा मुलगा प्रमाण मराठीत विचारलेल्या प्रश्नांना ‘हो’, ‘नाही’ यापलीकडे उत्तर देत नव्हता.

मानसशास्त्रज्ञांच्या भेटीत ओसीडीची तीव्रता गुणांत मोजणाऱ्या येल-ब्राउन श्रेणीची मुलांसाठीची आवृत्ती वापरली गेली. प्रौढांसाठीची मूळ श्रेणी १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि मुलांच्या आवृत्तीची विश्वासार्हता तपासणारा अभ्यास १९९७ मध्ये आला. सहा ते सतरा वर्षे वयासाठी ती वापरतात. आधी विचारांची आणि कृतींची लांबलचक यादी घेऊन कोणती लक्षणे आज आहेत आणि कोणती पूर्वी होती हे ठरवतात. त्यानंतर दहा प्रश्न असतात, पाच विचारांविषयी आणि पाच कृतींविषयी : वेळ किती जातो, रोजच्या जगण्यात अडथळा किती येतो, त्रास किती होतो, मूल किती प्रतिकार करते आणि त्याचा ताबा किती राहतो. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चार गुण, एकूण चाळीस. वेळेच्या प्रश्नात दिवसाला एक तासाहून कमी असेल तर एक गुण, एक ते तीन तास असतील तर दोन, तीन ते आठ तासांना तीन आणि त्याहून अधिक असेल तर चार. आमच्या घरी ‘फार वेळ जात नाही’ असे सर्वांचे मत होते. न्हाणीघर, दाराची कडी, स्तोत्र, पाटी-दप्तर पुन्हा पुसणे आणि नुसते मनातल्या मनात मोजणे हे सर्व मिळून जेव्हा सकाळपासून रात्रीपर्यंत मांडले गेले, तेव्हा ते मत टिकले नाही. मनातल्या मनात होणाऱ्या कृती बाहेरून दिसत नाहीत, आणि मूल ‘शांत बसले आहे’ असे आपण समजतो.

येथे एक उणीव नोंदवते. ही श्रेणी इंग्रजी छापील प्रतीवरून, मानसशास्त्रज्ञ जागच्या जागी मराठीत सांगत चालवत होत्या. बहुतेक प्रश्नांना त्याने बिघडले नाही, पण प्रतिकाराच्या प्रश्नावर घोळ झाला. त्या प्रश्नात मूल जितका जास्त प्रतिकार करील तितके गुण कमी असतात. जाऊबाईंना, म्हणजे मुलाच्या आईला, ते उलटे समजले आणि दोन उत्तरे बदलावी लागली. मराठीत नीट तयार केलेला आणि आधी वाचायला दिलेला कागद असता तर हे टळले असते. ज्या केंद्राकडे दिवसभर मालवणी आणि मराठी बोलणारेच लोक येतात, त्याने एवढे तरी करून ठेवावे.

एकूण गुण चोविसाच्या वर गेले. तीव्रतेच्या वर्गवारीत २४ ते ३१ म्हणजे गंभीर. परंतु गुणांवरून निदान होत नाही, हे डॉक्टरबाई आणि मानसशास्त्रज्ञ या दोघींनीही स्वतंत्रपणे सांगितले, आणि मला ते प्रामाणिकपणाचे वाटले. ही श्रेणी आजाराची तीव्रता मोजते. आजार हाच आहे की दुसरा कोणता, हे मुलाखतीवरून आणि इतर शक्यता तपासून ठरवावे लागते. त्या शक्यता त्यांनी पुष्कळ बारकाईने तपासल्या. डोळे मिचकावणे, मान झटकणे, घशातून आवाज काढणे असे काही पूर्वी होते का, असे विचारले, कारण ओसीडी असलेल्या मुलांत अशा झटक्यांचे प्रमाण लक्षणीय असते आणि उपचार ठरवताना त्याचा विचार करावा लागतो. ते विचार आपलेच वाटतात की बाहेरून कोणी बोलते आहे असे वाटते, हे विचारले. लहानपणचे बोलणे, खेळणे, मित्र, एकाच विषयाची अतिरिक्त ओढ यांविषयी विचारून स्वमग्नतेचा अंदाज घेतला. उदासी, झोप, भूक, एकाग्रता हेही झाले. तीनचार वर्षांच्या मुलाने ठरावीक वाटीतच दूधभात मागणे किंवा रोज तीच गोष्ट ऐकण्याचा हट्ट धरणे हे वाढीचाच भाग असते, तेव्हा प्रत्येक हट्टाला आजार म्हणू नका, अशी सूचनाही सासूबाईंच्या समोर झाली, कारण घरात त्या वयाचे दुसरे मूल आहे आणि त्याच्याकडे आता सर्वांच्या नजरा वळल्या होत्या.

याआधी दुसऱ्या एका दवाखान्यात मुलाची एएसओ ही (स्ट्रेप्टोकोकस या घशाच्या जंतूविरुद्धची प्रतिपिंडे मोजणारी) रक्ततपासणी करून, ती वाढलेली पाहून ‘घशाच्या जंतूमुळेच हे झाले’ असे सांगण्यात आले होते. डॉक्टरबाईंनी तो कागद बाजूला टाकला नाही. काही मुलांत स्ट्रेप्टोकोकसच्या संसर्गानंतर ओसीडी एकाएकी उद्भवते, असे वर्णन १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले आहे, आणि त्यासाठी सुरुवात कशी झाली हे विचारणे आवश्यक असते, असे त्या म्हणाल्या. एक-दोन दिवसांत मूल पूर्ण बदलले, हस्ताक्षर बिघडले, जेवण सुटले, पुन्हा अंथरुणात लघवी होऊ लागली, असे काही झाले का? तसे काहीच नव्हते. लक्षणे कित्येक महिने हळूहळू वाढत गेली होती. वाढलेले एएसओ एवढेच सांगते की केव्हातरी संसर्ग होऊन गेला. त्यामुळे प्रतिजैविकांचा नवा फेरा सुरू झाला नाही, आणि आमचे पैसे व मुलाचे पोट दोन्ही वाचले.

मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग घरच्यांच्या तपासणीचा होता. मुलाच्या कृतींत घरचे कसे गुंतत जातात हे मोजण्यासाठी वेगळी प्रश्नावली असते. किती वेळा धीर देता, त्याच्यासाठी वस्तू धुऊन देता का, त्याला टाळता यावे म्हणून घरातले नित्यक्रम बदलले का, आणि तसे न केल्यास तो चिडतो का, अशा स्वरूपाचे प्रश्न जाऊबाईंना, मोठ्या भावोजींना आणि मला वेगवेगळे विचारले. तिघांची उत्तरे जुळेनात. मुलासाठी टाकीत पाणी संपू नये म्हणून विहिरीवरचा पंप दिवसातून दुसऱ्यांदा चालवला जातो, वडिलांचे कपडे मागच्या पडवीत वेगळ्या दोरीवर वाळतात, आणि रात्री स्तोत्र चालू असताना दूरचित्रवाणी बंद ठेवून आम्ही सर्व कुजबुजत बोलतो, ही यादी समोर आल्यावर भावोजींनी मान खाली घातली. डॉक्टरबाईंनी कोणालाही दोष दिला नाही. हे सर्वच घरे करतात, मायेने करतात, पण त्याने भीतीला खतपाणी मिळते, म्हणून पुढे हे एकेक करून, मुलाला सांगून, कमी करायचे आहे. आजच घरी जाऊन पंप बंद करू नका, एवढे त्या म्हणाल्या. या प्रश्नावलीशिवाय झालेली मुलांची ओसीडीची तपासणी मी अपुरीच समजेन.

आता राहिलेल्या तक्रारी. प्रतीक्षागृहात स्वागतकक्षातील कर्मचारी मुलाचे पूर्ण नाव आणि येण्याचे कारण मोठ्याने उच्चारतात. आमच्याच गावातील एक कुटुंब तेथे बसले होते, आणि घरी पोहोचण्याआधी बातमी तिठ्यावर पोहोचली होती. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये गोपनीयतेचा हक्क स्पष्ट दिलेला आहे, तेव्हा ही बाब व्यवस्थापनाने मनावर घ्यावी. लेखी अहवाल इंग्रजीत, एका पानाचा, बराच उशिरा मिळाला, आणि त्यात गुण होते पण फवारणी, आईची भीती, पंप यांपैकी एकही गोष्ट नव्हती. जे इतक्या कौशल्याने विचारून काढले ते कागदावर आलेच नाही, त्यामुळे उद्या दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो तर सर्व पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागेल. मुलाविषयी माहिती भरून देण्याचा शाळेसाठीचा अर्जही इंग्रजीत होता आणि वर्गशिक्षकांनी तो बरेच दिवस तसाच ठेवला. अखेर मानसशास्त्रज्ञांनी आमची संमती घेऊन त्यांच्याशी फोनवर बोलून माहिती घेतली. खोडून खोडून कागद फाटलेल्या उत्तरपत्रिकेची हकिगत तेव्हाच कळली.

पुढील उपचार हा या केंद्राचा दुबळा भाग आहे. मुलांच्या ओसीडीत भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरे जायचे आणि नेहमीची कृती करायची नाही, असा सराव घडवणारी वर्तनोपचार पद्धती प्रथम दर्जाची मानली जाते, आणि आजार मध्यम ते गंभीर असेल तर तिच्या जोडीला औषध देतात. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ७ ते १७ वयाच्या ११२ मुलांवरील अमेरिकी अभ्यासात दोन्हींचा मिळून उपयोग अधिक दिसला होता. औषध येथे व्यवस्थित समजावून, कमी मात्रेने आणि सुरुवातीच्या आठवड्यांत मुलाच्या मनःस्थितीवर नजर ठेवण्याच्या सूचनेसह सुरू झाले. पण सरावाच्या बैठका आठवड्याला हव्यात, आणि मानसशास्त्रज्ञांचे ठरावीक दिवस आधीच भरलेले असतात. ऑनलाइन बैठकीचा पर्याय दिला जातो. आमच्या वाडीत पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क यांचा जो खेळ चालतो, त्यात तो कितपत टिकेल हे ज्याचे त्याने ठरवावे.

ज्यांना खाजगी शुल्क झेपणार नाही त्यांच्यासाठी रत्नागिरीचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, जे राज्यातील चार जुन्या शासकीय मनोरुग्णालयांपैकी एक आहे. सावंतवाडी, दोडामार्गकडच्या लोकांना गोव्यातील बांबोळीची मानसोपचार संस्था जवळ पडते. कोठे जावे हेच कळत नसेल तर १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे शासनाच्या मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या, निःशुल्क क्रमांकावर मराठीतून बोलता येते.

या केंद्रात जाणार असाल तर मुलाच्या वह्या आणि उत्तरपत्रिका, आधीच्या डॉक्टरांचे कागद, आणि शक्य असल्यास एका साध्या दिवसाची, सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंतची टिपणे बरोबर न्यावीत. मुलाचे व्हिडिओ मात्र चोरून काढू नयेत. एका पालकांनी तसे दाखवले तेव्हा डॉक्टरबाईंनी ते पाहण्यास नकार दिल्याचे मानसशास्त्रज्ञांनी सांगितले, आणि मला ते योग्य वाटले. अहवाल सविस्तर आणि मराठीत हवा, असे पहिल्याच दिवशी लेखी मागावे. आम्ही तशी मागणी आता केली आहे. पुढची मोजणी दिवाळीच्या सुट्टीनंतर याच श्रेणीने होणार असून, शाळेचा अर्ज तोवर मराठीत करून देऊ असे केंद्राने कळवले आहे. तसे झाले तर हा अभिप्राय मी त्याप्रमाणे दुरुस्त करीन.